लाल जिवाणूत प्लाझ्मिड पाठवलं, कॉलन्या मात्र पांढऱ्या आल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र करणाऱ्या विद्यार्थिनीने फुटाळा तलावाच्या काठचा गाळ विनोग्राडस्की स्तंभात (उजेडात ठेवलेल्या गाळ-पाण्याच्या उभ्या काचनळीत) लावला आणि त्यातून एक लाल-जांभळा प्रकाशसंश्लेषी जिवाणू शुद्ध केला. आता त्यात बाहेरचं जनुक घालायचं आहे. आधी पीयूसी१९ हे ॲम्पिसिलिन-प्रतिरोधी प्लाझ्मिड (प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतला गुणसूत्राबाहेरचा छोटा, सहसा गोल डीएनए) कॅल्शियम क्लोराइडच्या पद्धतीने घालून पाहिलं, पण ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर प्लाझ्मिड न घातलेल्या कंट्रोलमध्येही तितकीच वाढ दिसली. मग ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूच्या एस१७-१ या स्ट्रेनमधून (वाणातून) पीबीबीआर१एमसीएस-२ हे कॅनामायसिन-प्रतिरोधी प्लाझ्मिड मेटिंगने, म्हणजे दोन जिवाणू एकत्र ठेवून एकातून दुसऱ्यात, पाठवलं. मॅलेट आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या प्लेटवर दुसऱ्याच दिवशी भरपूर कॉलन्या आल्या, प्लाझ्मिडचा डीएनए शोधणारा कॉलनी पीसीआरही पॉझिटिव्ह आला, पण कॉलन्या पांढरट आहेत आणि उजेडात ठेवूनही लाल होत नाहीत. प्लाझ्मिडमुळे रंग गेला का, असं तिने विचारलं आहे.

रंग गेलेला नाही. त्या कॉलन्या तुमच्या जिवाणूच्या नाहीतच, त्या ई. कोलायच्या आहेत. पुरावा तुम्हीच लिहिला आहे: ‘दुसऱ्याच दिवशी’. तुमच्या जिवाणूसारखे जांभळे बिगर-गंधकी जिवाणू हवेत, अंधारात, ३० अंशांवर चांगले वाढले तरी दुप्पट व्हायला साधारण तीन तास घेतात. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिससारख्या ओळखीच्या जातीच्या कॉलन्या निवडीच्या प्लेटवर दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. एका रात्रीत फुगून आलेली कॉलनी दिसली की ती डोनरची, म्हणजे प्लाझ्मिड देणाऱ्या ई. कोलायची समजायची. पीसीआर पॉझिटिव्ह येणारच होता, कारण ते प्लाझ्मिड डोनरमध्ये आहेच.

या कामात प्लाझ्मिड आत पाठवण्यावर आपण फार डोकं घालतो आणि डोनरला मारण्यावर फार कमी. मेटिंग झालेल्या मिश्रणात डोनर अब्जावधी असतो, हवा असलेला जिवाणू त्यातला हजारात किंवा लाखात एक. त्यामुळे प्लेट तयार करताना पहिला विचार डोनर कशाने मरणार याचा करायचा, अँटिबायोटिकचा त्यानंतर. तुमच्या प्लेटवर कॅनामायसिन होतं, पण प्लाझ्मिड घेऊन बसलेल्या डोनरला कॅनामायसिनचं काय भय?

एस१७-१ हा स्ट्रेन प्रोलिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू शकत नाही. तो वापरण्याची निम्मी सोय यातच आहे: प्रोलिन नसलेल्या किमान माध्यमावर तो उपाशी राहतो आणि तुमचा जिवाणू सगळं स्वतः बनवून वाढतो. तुम्ही माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं आणि डोनरला प्रोलिनचं ताट वाढून दिलं. वाढ लवकर दिसावी म्हणून हे सगळीकडे केलं जातं, आणि साध्या वाढीच्या फ्लास्कमध्ये त्यात काही वावगंही नाही. निवडीच्या प्लेटमध्ये मात्र यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन किंवा कॅसअमिनो ॲसिड यातलं चिमूटभरही जाता कामा नये. सिस्ट्रॉमचं सक्सिनेटचं माध्यम किंवा मॅलेटचं किमान माध्यम घ्या आणि जीवनसत्त्वं वेगळी मोजून घाला. रोडोबॅक्टर कॅप्सुलेटसला थायमिन पुरतं, स्फेरॉइडिसला थायमिन, निकोटिनिक आम्ल आणि बायोटिन लागतं, रोडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिसला पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल लागतं. तुमच्या गाळातल्या जिवाणूला काय लागतं हे मेटिंगच्या आधी कळायला हवं. किमान माध्यमावर तो तीन वेळा पुढे नेऊन वाढत राहतो का ते पाहा. पहिल्या फेरीत जुन्या माध्यमातली शिदोरी सोबत आलेली असते, त्यामुळे एकदाच वाढला तर काही सिद्ध होत नाही.

आता पीयूसी१९ बद्दल. तिथे दोन अडचणी एकमेकींवर बसल्या होत्या. पहिली म्हणजे त्या प्लाझ्मिडचा उगमबिंदू (जिथून त्याची प्रत बनायला सुरुवात होते ती जागा) ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्या नातलगांतच चालतो. अल्फा-प्रोटिओबॅक्टेरियात म्हणजे तुमच्या जिवाणूच्या घराण्यात तो प्रतिकृती करू शकत नाही. पीयूसी१९ आत गेलं असतं तरी पेशी विभागताना मागे राहून नाहीसं झालं असतं. दुसरी अडचण ॲम्पिसिलिनची. अनेक जांभळ्या जिवाणूंकडे ॲम्पिसिलिन मोडणारं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम स्वतःचंच असतं, म्हणून कंट्रोल प्लेटही भरली. या कामात ॲम्पिसिलिन निवडीसाठी धरूच नका.

कॅल्शियम क्लोराइडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रानातून आणलेल्या अनोळखी जांभळ्या जिवाणूवर ती पद्धत वापरून वेळ घालवू नये. इलेक्ट्रोपोरेशन, म्हणजे विजेच्या झटक्याने डीएनए आत घालणं, काही स्ट्रेनमध्ये चालतं, पण तिथे परका डीएनए कापणाऱ्या प्रतिबंधक एन्झाइमांची भिंत आडवी येते. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिसकडे आरएसआर१ नावाचं एन्झाइम आहे. आपल्या रोजच्या वापरातलं इकोआर१ जो जीएएटीटीसी हा डीएनएचा क्रम कापतं, तोच क्रम हेही कापतं. पीबीबीआर१एमसीएसच्या क्लोनिंगच्या जागेत हा क्रम आहे. म्हणजे दुहेरी धाग्याचं प्लाझ्मिड विजेच्या झटक्याने आत ढकललं तर दारातच त्याचे तुकडे होण्याची शक्यता मोठी.

कॉन्जुगेशनमध्ये, म्हणजे मेटिंगमध्ये, ही भिंत बरीच खाली येते, आणि म्हणूनच मी कुणालाही आधी तोच रस्ता सांगतो. प्लाझ्मिडवर हस्तांतरणाचा उगमबिंदू असतो. तिथे रिलॅक्सेज हे प्रथिन एका धाग्याला खाच पाडतं, त्या धाग्याच्या ५-प्राइम टोकाला स्वतःला जोडून घेतं आणि डोनर आणि रेसिपियंट (प्लाझ्मिड घेणारा जिवाणू) यांच्यामधल्या वाहिनीतून धाग्याला पलीकडे नेतं. पलीकडे पोचतो तो एकच धागा. इकोआर१ किंवा आरएसआर१सारखी एन्झाइमं दुहेरी धागा कापतात, एकेरी धाग्यावर त्यांची धार चालत नाही. त्याचा जोडीदार धागा रेसिपियंटच्या आतच विणला जातो. भिंत पूर्ण जात नाही, पण प्लाझ्मिडला जम बसवायला वेळ मिळतो.

पीबीबीआर१एमसीएस-२ ही तुमची निवड चांगली आहे. सुमारे ५.१ हजार बेसजोड्यांचं हे प्लाझ्मिड बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिकामधल्या मूळ प्लाझ्मिडपासून बनवलेलं आहे आणि अनेक ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंत टिकतं. त्याच्याकडे हलवलं जाण्याची खूण आहे, पण प्रवासाची यंत्रणा नाही. ती यंत्रणा एस१७-१च्या गुणसूत्रात बसवलेल्या आरपी४ या प्लाझ्मिडमधून मिळते. हा स्ट्रेन सायमन, प्रिफर आणि प्यूलर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्याकडे तो नाही ते तीन-स्ट्रेनचं मेटिंग करतात: एका ई. कोलायमध्ये तुमचं प्लाझ्मिड, दुसऱ्यात पीआरके२०१३ हे मदतनीस प्लाझ्मिड आणि तिसरा रेसिपियंट. पीआरके२०१३ स्वतः कॅनामायसिन-प्रतिरोधी आहे, त्यामुळे तुमचं प्लाझ्मिडही कॅनामायसिनचंच असेल तर घोळ होतो. एसएम१० या डोनरचंही तेच: त्याच्या गुणसूत्रातच कॅनामायसिनचा प्रतिरोध आहे. उलट एस१७-१ कॅनामायसिनला संवेदनशील आहे, पण त्याच्यात टीएन७ हा प्रतिरोधाची जनुकं असलेला ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) असल्यामुळे ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिनला तो आधीच दाद देत नाही. डोनर कुणाकडून मागून आणला तर त्याची अशी कुंडली लेबलवर लिहून ठेवा. लॅबमध्ये ‘मेटिंग स्ट्रेन’ एवढंच लिहिलेल्या व्हायल पडून असतात आणि त्यातला एसएम१० आहे की एस१७-१ हे कुणाला सांगता येत नाही.

एस१७-१ आणि एसएम१० बद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी. दोघांत म्यू या विषाणूचा डीएनए आहे आणि मेटिंगच्या वेळी तोही गुपचूप रेसिपियंटमध्ये जाऊ शकतो, हे २०१० साली दाखवलं गेलं. साधं प्लाझ्मिड पाठवायचं असेल तर याने फारसं अडत नाही. ट्रान्सपोझॉनने म्यूटंट (जनुक बिघडवलेले जिवाणू) बनवून त्यावर निष्कर्ष काढायचे असतील तर मात्र अडतं. शक्य असेल तर डायअमिनोपिमेलिक आम्ल बनवू न शकणारा डोनर मिळवा. ते आम्ल प्लेटमध्ये घातलं नाही की डोनरला पेशीभित्तिकाच बांधता येत नाही आणि तो फुटून मरतो, अगदी समृद्ध माध्यमावरसुद्धा. यीस्ट एक्स्ट्रॅक्टची भानगडही मग उरत नाही, कारण यीस्टमध्ये हे आम्ल नसतं. अमिनोलेव्हुलिनिक आम्लावर जगणारा डोनरही काही लॅबमध्ये वापरतात. जांभळ्या जिवाणूंसाठी मला तो पसंत नाही. बॅक्टेरियोक्लोरोफिल बनवताना हे जिवाणू तेच आम्ल भरपूर बनवतात, रोडोबॅक्टर स्फेरॉइडिसचे म्यूटंट तर त्याच्या उत्पादनासाठीच वापरले गेले आहेत. शेजारी असा पुरवठादार असताना डोनर उपाशी मरेल यावर मी भरवसा ठेवणार नाही.

प्रत्यक्ष मेटिंग असं करा. डोनर ३७ अंशांवर कॅनामायसिनसह एलबी या समृद्ध माध्यमात वाढवा, पण वाढीच्या मधल्या टप्प्यातच उचला. रात्रभर जुना, दाट झालेला कल्चर घेऊ नका. रेसिपियंट ३० अंशांवर हलवत, अंधारात, भरपूर हवेत वाढवा. दोन्ही कल्चर अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमात दोनदा धुवा. डोनरसोबत कॅनामायसिन आलं तर प्लाझ्मिड मिळण्याआधीच रेसिपियंट मरायला लागतो, आणि एलबी आलं तर पुढे निवडीच्या प्लेटवर प्रोलिनची गळती होते. धुताना पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) व्होर्टेक्स यंत्रावर जोरात हलवू नका, पिपेटने हळू मोकळा करा. एका डोनरमागे पाच ते दहा रेसिपियंट असं प्रमाण ठेवा. मिश्रण फिरवून खाली बसवा, वरचं पाणी काढा आणि उरलेला ५० मायक्रोलिटरभर दाट गोळा ०.४५ मायक्रॉनच्या नायट्रोसेल्युलोज फिल्टरवर एकाच थेंबात ठेवा. फिल्टर आधी प्लेटवर पसरवून ठेवलेला असावा. प्लेट कोरडी हवी. ओल्या प्लेटवर थेंब पसरतो आणि पेशी एकमेकींपासून दूर जातात.

ही कोरडी, घट्ट जागा का, तर आरपी४ घराण्याची पिली (पेशींना जोडणारे बाहेरचे तंतू) आखूड आणि ताठ असतात. द्रवात हलणाऱ्या पेशींत ती जोडणी टिकत नाही, घन पृष्ठभागावर कित्येक पटींनी जास्त हस्तांतरण होतं. ट्यूबमध्ये दोन कल्चर मिसळून रात्रभर शेकरवर ठेवणारे पुष्कळ पाहिले आहेत. ई. कोलायच्या एफ प्लाझ्मिडचा धडा पुस्तकात वाचलेला असतो आणि त्याची लांब, लवचीक पिली डोक्यात असतात. आरपी४ला ते लागू नाही.

मेटिंग ३० अंशांवर सहा तास ते रात्रभर. इथे नागपूरची हवा मधे येते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि दुपारी वीज गेली की लॅब तापते. साधा इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, त्यामुळे त्याच्या काट्यावर ३० लावलेलं असलं तरी आत ३८ असू शकतं. ई. कोलायला ते मानवतं, तुमच्या जिवाणूला नाही, आणि मिश्रणाचं प्रमाण रात्रीतून डोनरकडे झुकतं. थंडही करू शकणारा बीओडी इनक्युबेटर वापरा आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. डिसेंबरात उलटं होतं: टेबलावर ठेवलेलं मेटिंग रात्री १२-१४ अंशांपर्यंत उतरतं आणि सकाळी काहीच झालेलं नसतं.

सकाळी फिल्टर एक मिलिलिटर किमान माध्यमात टाकून पेशी हळू मोकळ्या करा, दहापट विरळ करत जा आणि प्रत्येक पायरी निवडीच्या प्लेटवर लावा. न विरळ केलेलं सगळं मिश्रण एका प्लेटवर ओतलं तर मरणाऱ्या डोनरमधून बाहेर पडणारं प्रोलिन उरलेल्या डोनरला पोसतं आणि मागे धुरकट थर दिसतो. त्या थरातून उचललेली कॉलनी कधीच शुद्ध नसते. १०० आणि १,००० पट विरळ केलेल्या प्लेटवर काम करा.

कंट्रोल चार हवेत आणि ते प्रत्येक वेळी हवेत. फक्त डोनर निवडीच्या प्लेटवर: काही येता कामा नये, आलं तर माध्यमात प्रोलिन आहे. फक्त रेसिपियंट निवडीच्या प्लेटवर: आलं तर तो आपोआप प्रतिरोधी होतोय किंवा कॅनामायसिन कमी पडतंय. रेसिपियंट अँटिबायोटिक नसलेल्या किमान प्लेटवर, कारण एकूण रेसिपियंट किती होते हे कळल्याशिवाय हस्तांतरणाचं प्रमाण काढता येत नाही. आणि चौथा, ज्याला बहुतेक जण वगळतात: ओळखीचा स्ट्रेन, त्याच डोनरसह, त्याच दिवशी. चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या संग्रहांकडे चौकशी करून रोडोबॅक्टर किंवा रोडोस्यूडोमोनासचा नोंदलेला स्ट्रेन मागवा. ओळखीच्या स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड गेलं आणि तुमच्यात नाही, तर अडचण तुमच्या जिवाणूत आहे. दोन्हींत गेलं नाही, तर हातात, माध्यमात किंवा डोनरमध्ये आहे. हा एक कंट्रोल नसल्यामुळे लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी शोधत बसतात.

अँटिबायोटिकची मात्रा ई. कोलायच्या तक्त्यातून उचलू नका. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिससाठी कॅनामायसिन मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅमच्या आसपास चालतं, टेट्रासायक्लिन जेमतेम १ मायक्रोग्रॅम. तुमच्या जिवाणूसाठी ५ ते १०० पर्यंत प्लेट लावून मात्रा स्वतः ठरवा. टेट्रासायक्लिनबद्दल खास सावध राहा. ते प्रकाशात मोडतं आणि त्याच्यापासून बनणारे पदार्थ जिवाणूला विषारी ठरतात, मग त्याच्याकडे प्रतिरोधाचं जनुक असो वा नसो. टेट्रासायक्लिनची निवड अंधारात, हवेत करा, आणि प्रकाशसंश्लेषी वाढ तपासताना कॅनामायसिन किंवा स्पेक्टिनोमायसिनचं प्लाझ्मिड वापरा.

पांढऱ्या कॉलन्यांवरून रंगाचा मुद्दा निघाला, तो जरा नीट सांगतो, कारण पुढे तो तुम्हाला पुन्हा फसवेल. या जिवाणूंत प्राणवायू भरपूर असला की बॅक्टेरियोक्लोरोफिल बनवणं बंद पडतं. उघड्या प्लेटवर, हवेत वाढलेली खरी रेसिपियंट कॉलनीही फिकट गुलाबी किंवा मळकट दिसू शकते. प्लेट खिडकीत ठेवल्याने ती लाल होत नाही, प्राणवायू काढावा लागतो. म्हणून ‘पांढरी म्हणजे ई. कोलाय, लाल म्हणजे आपला’ हा नियम हवेतल्या प्लेटवर चालत नाही. कॉलनी उचलून दोन जागी लावा: एक एलबी प्लेटवर ४२ अंशांवर, जिथे ई. कोलाय रात्रीत वाढतो आणि जांभळे जिवाणू सहसा वाढत नाहीत. दुसरी किमान माध्यमावर, प्राणवायू काढून घेणाऱ्या गॅसपॅकच्या बरणीत, दिव्यासमोर.

दिवा कोणता, हेही महत्त्वाचं आहे. जांभळे जिवाणू मुख्यतः ८०० ते ८८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश घेतात. पांढऱ्या एलईडी ट्यूबमधून तो जवळपास येतच नाही. आपल्याला खोली लख्ख दिसते, पण जिवाणूला मिळतं ते कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांनी पकडलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशापुरतं. जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब या कामाला उत्तम, कारण त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्तच असतो. फक्त तो तापतो, म्हणून मधे पाण्याने भरलेली काचेची सपाट बाटली उभी करा. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी मिळणारे ८५० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी दिवे सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून पाहा. ते स्वस्त आहेत आणि तापतही कमी. विद्यार्थ्यांचा ‘माझा स्ट्रेन प्रकाशात वाढत नाही’ हा निष्कर्ष पुष्कळदा फक्त ट्यूबलाइटमुळे आलेला असतो.

कॉलनी लाल झाली, ४२ अंशांवर काही आलं नाही, तरी ती दोनदा पुन्हा पसरवून शुद्ध करा. मग तीन गोष्टी तपासा. पहिली, संपूर्ण पेशींचा शोषणपट (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) ६०० ते ९५० नॅनोमीटरमध्ये घ्या. कॉलेजातल्या बहुतेक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवर एवढा पल्ला असतो. रोडोबॅक्टरसारख्या जिवाणूत ८०० आणि ८५० ला दोन टोकं दिसतात, ८७५ च्या आसपास एक खांदा. हा पट मूळ जिवाणूशी जुळला की ओळख पक्की. दुसरी, जिवाणूची जात ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा क्रम. तिसरी, आणि माझ्या लेखी सर्वांत भक्कम, प्लाझ्मिड परत बाहेर काढणं. या जिवाणूंतून प्लाझ्मिडचा डीएनए कमी मिळतो आणि जेलवर पुसट दिसतो, म्हणून जेल पाहून निराश होऊ नका. तोच डीएनए ई. कोलायच्या नेहमीच्या क्लोनिंग स्ट्रेनमध्ये ट्रान्सफॉर्म करा, कॅनामायसिनवर आलेल्या कॉलनीतून प्लाझ्मिड काढा आणि प्रतिबंधक एन्झाइमांनी कापून मूळ नकाशाशी ताडून पाहा. तुकडे जुळले तर प्लाझ्मिड खरोखर लाल पेशीत होतं आणि अखंड होतं.

हे सगळं झाल्यावर जनुक चालत नाही असं दिसलं, तर लगेच मेटिंगला दोष देऊ नका. ई. कोलायचा लॅक प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) या जिवाणूंत दुबळा आहे. त्यांच्या जीनोममध्ये जी आणि सीचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर असतं, प्रमोटरची घडणही वेगळी. पफ ऑपेरॉन या यांच्याच प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकगटाचा प्रमोटर वापरा, तो प्राणवायू कमी झाला की जोरात चालतो. बाहेरून चालू-बंद करायचं असेल तर रोडोबॅक्टरसाठीच बनवलेलं पीआयएनडी४ हे आयपीटीजी या रसायनावर चालणारं प्लाझ्मिड आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे की एवढी खटपट या जिवाणूंतच का करतात. कारण यांना प्रकाशसंश्लेषण नसलं तरी चालतं. वनस्पतीत प्रकाशसंश्लेषणाचं महत्त्वाचं जनुक तोडलं तर वनस्पती मरते. हे जिवाणू हवेत श्वसन करून मजेत जगतात. म्हणून एखादं जनुक तोडायचं, अंधारात वाढवायचं, प्लाझ्मिडवरून बदललेलं जनुक परत द्यायचं आणि मग उजेडात काय होतं ते पाहायचं, असा सरळ रस्ता इथे आहे. डायझेनहोफर, ह्यूबर आणि मिशेल यांना १९८८ चं नोबेल मिळालं ते जांभळ्या जिवाणूच्या अभिक्रिया-केंद्राच्या (प्रकाशाची ऊर्जा इलेक्ट्रॉनला देणाऱ्या प्रथिनांच्या) रचनेसाठी. त्या प्रकारच्या केंद्रात एकेक अमिनो आम्ल बदलून इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे तपासण्याचं काम पुढे प्लाझ्मिडांमुळेच शक्य झालं.

यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बॅरी मार्स यांचं काम मला फार मोठं वाटतं. १९७४ साली त्यांनी कॅप्सुलेटसमध्ये जनुकं वाहून नेणारे विषाणूसारखे कण दाखवले. त्या कणांत जिवाणूचाच साडेचार हजार बेसजोड्यांच्या आसपासचा डीएनए असतो, विषाणूचं स्वतःचं पूर्ण जीनोम त्यात मावत नाही. १९७७ मध्ये सिस्ट्रॉम यांनी आर६८.४५ हे प्लाझ्मिड वापरून स्फेरॉइडिसमध्ये गुणसूत्रावरची जनुकं एका पेशीतून दुसरीत नेली. आणि १९८१ मध्ये मार्स यांनी कॅप्सुलेटसची प्रकाशसंश्लेषणाची जनुकं भटक्या प्लाझ्मिडवर चढवून मिळवली. रंगद्रव्यं, अभिक्रिया-केंद्र आणि प्रकाश गोळा करणारी प्रथिनं यांची जनुकं एकाच सुमारे ४६ हजार बेसजोड्यांच्या पट्ट्यात शेजारीशेजारी आहेत, हे त्या वाटेने स्पष्ट होत गेलं. ज्या म्यूटंटचा रंग गेला होता, त्याला ते प्लाझ्मिड दिलं की रंग परत येतो.

निसर्गातही ही जनुकं अशीच फिरली आहेत. रोझिओबॅक्टर लिटोरॅलिस या सागरी जिवाणूत प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांचा समूह गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर आहे. २०१४ मध्ये समोर आलेल्या जेमॅटिमोनास फोटोट्रोफिकाकडे तर संपूर्ण समूह जांभळ्या जिवाणूंकडून आलेला दिसतो, आणि तो जिवाणू वेगळ्याच संघातला आहे. म्हणून तुमच्या गाळातल्या जिवाणूत आधीच एखादं मोठं प्लाझ्मिड असेल तर नवल नाही. स्फेरॉइडिसच्या २.४.१ या स्ट्रेनमध्ये दोन गुणसूत्रं आणि पाच प्लाझ्मिडं आहेत. मेटिंगच्या आधी तुमच्या स्ट्रेनचं प्लाझ्मिड प्रोफाइल काढा. आत आधीच असलेल्या प्लाझ्मिडचं घराणं आणि पाठवलेल्याचं घराणं एकच निघालं तर दोघांपैकी एक बाहेर जातं.

शेवटचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, पण तो टाळून मला पुढे जाता येत नाही. डोनरमधलं आरपी४ हे १९६९ साली बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सापडलेल्या प्लाझ्मिडांपैकी आहे. कार्बेनिसिलिनला न जुमानणारे स्यूडोमोनास तिथे पसरले होते, त्यांच्यात ते मिळालं. जात-घराणं न पाहता कुठल्याही ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूत शिरण्याची जी ताकद आपण लॅबमध्ये वापरतो, ती त्याने तिथे दाखवली होती. आपल्या शहरात सांडपाणी नाग नदीत जातं आणि नाग नदीतून पुढे कन्हानकडे. प्लेट, फिल्टर, धुतलेलं पाणी, पिपेटच्या टिप, यातलं काहीही ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात जाता कामा नये. धुण्याचं पाणी सगळ्यात जास्त विसरलं जातं. ते वेगळ्या बाटलीत गोळा करा आणि १२१ अंशांवर निर्जंतुक करा. फुटाळ्यातून आणलेल्या जिवाणूत प्लाझ्मिड गेलं की तो फुटाळ्याचा राहिला नाही, तो परत तिथे सोडायचा नाही. आणि काम सुरू करण्याआधी महाविद्यालयाच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे नोंद करा. जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबतचे १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही लागू आहेत. महाविद्यालयात समितीच नसेल तर मार्गदर्शकांना सांगून, अशी समिती असलेल्या संस्थेत हे काम करा.

आता करायचं ते असं. जुन्या प्लेट ऑटोक्लेव्ह करा. किमान माध्यमावर तुमचा जिवाणू तीन फेऱ्या वाढतो का ते पाहा, कॅनामायसिनची मात्रा ठरवा, एस१७-१ तुमच्या किमान प्लेटवर खरंच उपाशी राहतो का ते एकट्याला लावून तपासा. हे तिन्ही जमल्यावरच मेटिंग लावा, आणि निकाल कळवताना चारही कंट्रोलचे आकडे आणि शोषणपटाचा कागद सोबत पाठवा.